निरंक

९ मे, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. मुकुंदवाडीतल्या नव्या नळाचे पाणी मी काचेच्या नळीत घेतले, तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग येण्याची वाट पाहिली. तो आला नाही. क्लोरीन किमान ०.२ हवे, इथे ते मुळीच नव्हते.

कारण खात्यात सर्वांना ठाऊक होते. नव्या टाकीवर क्लोरीनचे यंत्र बसवून तयार होते, पण उद्घाटनाला नेत्यांची तारीख मिळत नव्हती. निवडणूक जवळ आल्यामुळे पाणी मात्र आधीच सोडले होते.

नळावर हंडा भरणाऱ्या बाईंची सून नुकतीच बाळंत होऊन घरी आली होती. "ताई, बाळंतिणीला द्यायला हरकत नाय ना? लई नितळ हाय."

उकळून द्या, मी म्हणाले.

"सिलिंडर तुमचं साहेब भरून देतंय का?"

पाणी उकळण्याची सूचना वस्तीत फिरवायची, तर अहवालावर साहेबांचा शेरा लागतो. क्लोरीनच्या रकान्यात मी 'निरंक' लिहिले. शून्य या अर्थी. दोन दिवस सूचना निघाली नाही, म्हणून साहेबांकडे गेले. अहवाल केव्हाच वर गेला होता. आमच्या कचेरीत तक्रारी निरंक असतात, प्रलंबित प्रकरणे निरंक असतात. निरंक म्हणजे सारे ठीक. साहेबांनी सवयीने तसेच वाचले होते.

मी चूक समजावली. ती त्यांना तत्काळ समजली, कारण त्यांनी उठून दार लोटून घेतले. माणूस वाईट नव्हता. आधीच्या साहेबांची बदली टँकरच्या एका नमुन्यावरून झाली, हे त्यांनीच सांगितले. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, शब्द तुमचाच आहे. उद्घाटनापर्यंत राहू द्या की."

मी नवा अहवाल दिला, या वेळी आकड्यात: ०.०. तो कुणी नाकारला नाही. फक्त नमुना घेण्याची जागा बदलली. आता पाणी जुन्या टाकीखालच्या नळाचे घ्यायचे होते. त्या टाकीतून मुकुंदवाडीच्या नव्या नळांना थेंबही जात नाही.

सूचना अखेर निघालीच नाही. जुन्या टाकीच्या पाण्याला पिवळा रंग लगेच आला. मी पुन्हा तपासले. आकड्यात खोट काढता येईना. त्या बाईंच्या हंड्याबद्दल तो काहीच सांगत नव्हता. तरीही मी तो नोंदवला: ०.८.