वहिनींची टाळी

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. "काका, आई गेली," एवढंच बोलला तो... आणि मला वहिनींची टाळी आठवली. रेकॉर्डिंगच्या आधी त्या एकदा कडक टाळी वाजवत. पुढे चित्र आणि आवाज जुळवायला ती खूण लागे. घरी जेवायला बोलवतानाही तीच टाळी. आम्ही त्यांना यावरून जाम चिडवायचो.

नव्वदच्या दशकात आदिलाबादला आमचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान होतं. भाऊ शूटिंग करी, वहिनी संगणकावर बसत. पडद्यावर नवरानवरीची नावं फिरवता फिरवता त्या कार्टून करायला शिकल्या आणि कापसाच्या फवारणीवर एक छोटी फिल्म करायचं काम मिळालं. त्यात बैल आपल्या धन्याला सांगतो, तोंडाला फडकं बांध. बैलाला आवाज आमच्या बाबांचा. बाबा भाजी विकायचे, त्यांची हाक अख्ख्या बाजाराला ऐकू जाई. रेकॉर्डिंगनंतर थोड्याच दिवसांत नागपूरला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता बाबांचा आवाज उरला होता तो फक्त त्या रेकॉर्डिंगच्या कॅसेटवर.

फिल्म कापूस मार्केटात दाखवायची होती. त्याच दिवशी दुपारी आम्ही ती पहिल्यांदा सलग पाहिली. सुरुवातीला ओठ जुळत होते, मग आवाज मागे पडत गेला. शेवटी बैल निवांत कडबा खात होता आणि बाबा बोलतच होते. लोक खो खो हसले असते, आणि बाबा तर धुतलेलं धोतर नेसून तयार बसले होते. वहिनींनी चूक शोधली. चित्रं सेकंदाला चोवीसच्या हिशेबाने काढली होती, व्हिडिओ टेपवर ती पंचवीसने पळत होती.

"आवाज थोडा पळवू," मी म्हणालो. पळवून पाहिला. बाबांचा भरदार आवाज चिरका झाला. वहिनींनी तो लगेच बंद केला. सासऱ्यांना त्या मामाजी म्हणत.

"हा मामाजीचा आवाज नोहे. आवाजाले हात नाही लावाचा, भाऊजी. चित्र थांबवू."

मग डोळे मिटून त्या कॅसेट ऐकत बसल्या. बाबा जिथे जिथे श्वास घेत, तिथे बैल क्षणभर थांबे, कान हलवी, डोळे मिचकावी. प्रत्येक बदलानंतर संगणक चित्रं पुन्हा तयार करायला बसे, आणि त्यात वीज जायची धास्ती. भाऊ दारातून सारखा विचारी, झालं का?

"काऊन घाई करून राह्यले? तुमच्या घाईनं बैल लवकर बोलन काय?"

वीज टिकली. संध्याकाळी मार्केटात बैल बोलू लागला आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, हे तं आपले भाजीवाले काका!" माझी नजर पडद्यावर, वहिनींची मात्र पुढच्या रांगेतल्या बाबांवर. बैलाबरोबर बाबांचेही ओठ हलत होते, शब्दाला शब्द. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"जुळलं," त्या म्हणाल्या.

फिल्ममधून ती टाळी कापली होती, मूळ कॅसेटवर मात्र ती तशीच आहे. परवा भावाच्या घरी मी ती कॅसेट लावली. वहिनी गेल्यापासून त्याचं अन्नावरून मन उडालंय, ताट वाढलं तरी तो खोलीतून बाहेर येत नाही. आधी टाळी वाजली, मग वहिनींचा आवाज, "हं, बोला मामाजी..." आणि बाबा बोलू लागले. मी ऐकत राहिलो. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात डोकावलो, तर भाऊ हात धुऊन पाटावर येऊन बसला होता.