रफिकभाईंची रोजची जोडी

चाकणच्या आमच्या कारखान्यात सकाळची शिफ्ट सुरक्षेच्या शपथेनं सुरू होई. शपथ संपली की तपासणी विभागातले रफिकभाई फळ्यावर एक इंग्रजी क्रियापद लिहीत आणि त्याच्यापुढे लागणारा छोटा शब्द लाल पेनानं. मग अख्खी लाइन एका सुरात म्हणे, "डिपेंड ऑन."

"इंग्रजी शब्द एकटा आणायचा न्हाई," रफिकभाई सांगत. "पाव्हण्यासारखा जोडीनं बोलवायचा. न्हाईतर रुसतो राव."

ते उदगीरचे, आयटीआय केलेले. मी आकुर्डीला इंजिनिअर झालेली, शाळाही इंग्रजी माध्यमाची. परदेशी ग्राहक पाहणीला आले की त्यांच्याशी बोलायचा मान सहा वर्षं माझा होता. हे गृहस्थ रोजची जोडी माझ्याच टेबलाशी येऊन विचारून जात आणि खाली लाइनवर गुरुजी होत. त्यात एक दिवस साहेब म्हणाले, "या वेळी लाइनवरची माहिती रफिकभाईच देतील." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पाहणीच्या सकाळी ते नेहमीसारखे आले. "मॅडम, डिस्कसच्या पुढं काय लावू?"

काहीच लागत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. "अबाउट," मी म्हणाले.

दुपारी ग्राहकाकडच्या बाईंनी फळा वाचला, त्या हसल्या आणि त्यांनी 'अबाउट' अलगद तळहातानं झाकला. साहेबांचा चेहरा पडला. "कुणी सांगितलं हे?"

"माझंच हाय साहेब. कुणाला इचारलं न्हाई मी."

उरलेली पाहणी साहेबांनी माझ्याकडे दिली. मी सफाईनं बोलले. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

नंतर कॅन्टीनमध्ये त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. "दिवसभर नग तपासायलोय मी, मॅडम. पण ज्या मास्टर पीसशी ताडून बघतो, त्याला कोण तपासतंय? तुमी आमचा मास्टर पीस होता."

मी माफीचे शब्द जुळवेपर्यंत ते निघूनही गेले.

पुढे त्यांनी दुसरी कंपनी धरली. तोवर फळा रोज भरत होता, पण विचारायला ते स्टोअरच्या शिंदेबाईंकडे जात. बाईंचं इंग्रजी यथातथाच. त्या चष्मा पुसून मोबाइलमध्ये शोधत आणि रफिकभाई शांतपणे उभे राहत. माझ्या टेबलावरून दोघंही दिसत. आयुष्यात मी पुष्कळांवर जळले, पण शिंदेबाईंवर जळले तशी कुणावरच नाही.