चाचांची बादली

कुणी कापड घेऊन दुकानाची पायरी चढलं की आमचे शिंपी चाचा टेप हातात घेत नसत, पायानं बादली पुढं सरकवत. "आदी भिजवू. मग बघू किती ऱ्हातंय." गिऱ्हाईक लग्नघाईचं असो की मामलेदार कचेरीतलं, कापड एक दिवस पाण्यात आणि एक दिवस दोरीवर. लढाईनंतरचं, रेशनवर मिळणारं कंट्रोलचं कापड ते, धुतलं की वीतभर आटायचं. अशी खबरदार माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण चाचांची बादली नुसती कापडापुरती नव्हती.

नगरपालिकेची निवडणूक आली की उमेदवार त्यांच्या दुकानात हमखास येत, कारण तिथं चार माणसं कायम बसलेली असत. "कारकून, मास्तर, छोटे दुकानदार यांच्या घरपट्टीला आम्ही हात लावणार नाही," असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणालं की चाचा मशीन न थांबवता बादलीकडे बोट करत. "टाका हिच्यात. परवा वाळल्यावर बोलू." आम्ही पोट धरून हसायचो. उमेदवारही हसायचा, निवडून यायचा, आणि घरपट्टी वाढायची.

माझं कापड मात्र चाचांनी कधी भिजवलं नाही. आमच्या घरी ते आधीच भिजवून वाळवलेलं असे. मी "भिजवलंय" म्हणालो की ते सरळ कात्री उचलत. "मास्तर, तुमी म्हनला, झालं." या एका वाक्याची मला केवढी ऐट होती! साऱ्या गावात ते फक्त माझ्या वाट्याला येई.

पुढं मीच निवडणुकीला उभा राहिलो. घरपट्टी वाढू देणार नाही, हे मीही सांगत फिरलो. चाचांनी बादली दाखवली नाही. चाचा-चाची दुकानातच पडदा लावून राहत. मागं एक खोली असावी ही चाचीची जुनी इच्छा, पण घरपट्टीच्या धास्तीनं चाचा टाळत आले होते. मी निवडून आलो त्या उन्हाळ्यात त्यांनी खोली बांधली. "आता मास्तर हायेत की तितं," ते चाचीला म्हणाले. मी समोरच चहा पीत बसलो होतो.

वर्षभरात नळाच्या कामासाठी घरपट्टी वाढवायचा ठराव आला. काम गरजेचं होतं, हे मला आजही वाटतं. मी हात वर केला. पण आधी चाचांना जाऊन सांगायची हिंमत मला झाली नाही.

वाढलेली घरपट्टी भागवायला चाचांनी खोली भाड्यानं द्यायची ठरवली. खोलीत भाडेकरू आला आणि चाची पुन्हा पडद्यामागं गेली. चाचा रस्त्यात भेटले की "बरं हाय ना, मास्तर?" असं आपुलकीनंच विचारायचे. मी मान खाली घालून पुढं सटकायचो.

दिवाळीच्या तोंडावर धीर करून सदऱ्याचं कापड घेऊन गेलो. "चाचा, भिजवलंय," म्हणालो. त्यांनी कापडावरून हात फिरवला, माझ्याकडे पाहून हसले आणि पायानं बादली ओढली. "ऱ्हाऊ द्या एक दिस," म्हणाले. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

पुढच्या साली ते दोघं लेकीकडे श्रीरामपूरला गेले आणि चाचा तिकडंच वारले. त्या दुकानात आता सायकली दुरुस्त होतात. तिथून जाताना अजून वाटतं, चाचांनी एकदाच कात्री उचलावी आणि म्हणावं, "तुमी म्हनला, झालं."

ते कापड खरंच भिजवलेलं होतं.