रक्त घेण्याआधी एकट्याला विचारणाऱ्या डॉक्टरबाई

१४ डिसेंबर २००८, रविवार. सकाळी खारबावच्या शाळेत रक्तदान शिबिर झाले. डॉ. शैलजाबाई वेळेवर आल्या, दुपारी परतल्या. मी टेबलावर नावे लिहून घेत होतो. घरी येऊन जेवलो आणि लिहायला बसलो. बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गौरव अंकासाठी मीही चार ओळी द्याव्यात, असे समितीने सांगितले आहे.

आमची ओळख चांगल्या प्रसंगी झाली नाही. काही वर्षांपूर्वी माझी पत्नी सुमन रिक्षा उलटून जखमी झाली. पोटातली प्लीहा, म्हणजे पाणथरी, फुटल्याने ती काढावी लागली. रक्त हवे होते. तिचा धाकटा भाऊ नामदेव खारबावहून धावत आला. त्याचा म्हशींचा गोठा आहे. "माझे अंगात रगत हाय ना, मग बाहेरून कशाला?" म्हणत तो खाटेवर आडवा झाला. रक्तपेढी बाईंकडे होती.

सुमन बरी होऊन घरी आली. काही आठवड्यांनी तिला ताप भरला, कावीळ झाली. रक्ताच्या काचपट्टीवर मलेरियासारखे दिसले म्हणून मलेरियाची औषधे दिली. गुण येईना. बाईंनी काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या, मुंबईला पाठवल्या. तो मलेरिया नव्हता. गोचीड चावल्याने रक्तात शिरणारा परजीवी होता. जनावरांत तो नेहमीचा, माणसांत क्वचित. धडधाकट माणसाला थोडा ताप येऊन जातो. प्लीहा नसलेल्याला तो झेपत नाही. योग्य औषध मिळाले तोवर उशीर झाला होता. सुमन गेली.

नामदेवच्या रक्ताचा नमुना पेढीत होता. त्यात तोच परजीवी निघाला.

मी बाईंना हात जोडले. "त्याला सांगू नका. तो जगायचा नाही."

"उद्या तो आणखी कुणाला रक्त देईल," बाई म्हणाल्या. "त्याला स्वतःलाही औषध लागेल. सांगायला हवं. पण तुम्ही नको, मी सांगते."

त्या स्वतः खारबावला गेल्या. मी सोबत होतो. गोठ्यातच बसून त्यांनी सगळे सांगितले. नामदेव म्हणाला, "ताप व्हता बाई, थोडा. पन सगले पाव्हणे समोर उभे. बहिणीला रगत द्याला न्हाय कसा बोलू? बोलले असते, भाऊ मागे सरला."

"तापाचं मी चारचौघांत विचारलं," बाई म्हणाल्या. "ते एकट्याला विचारायचं असतं. चूक माझी आहे."

त्यांना असे म्हणायची कुणी सक्ती केली नव्हती.

तेव्हापासून बाई प्रत्येकाला पडद्याआड एकट्याला बोलावतात. ताप आला होता का, गोचीड चावली होती का, हे विचारतात. ज्याचे रक्त घ्यायचे नाही त्यालाही खाटेवर झोपवतात, तपासणीपुरते रक्त काढतात, हाताला पट्टी लावतात, चहा-बिस्किटे देतात. बाहेर कुणाला फरक कळत नाही. आज एक तरुण लवकर बाहेर आला.

"काय रं पैलवान, सुई बघून पलालास?" मित्र ओरडला.

त्याने पट्टी दाखवली. "तुझी कुठं हाय? तू तर अजून चप्पल पन न्हाय काढलीस!"

बाई पडद्याआडून हसल्या.

सुमनच्या वर्षश्राद्धाला बाई न बोलावता आल्या आणि बायकांच्या पंगतीत शेवटी बसून जेवल्या. नामदेव मात्र आला नाही. मी त्याला कधी दोष दिला नाही, तरी माझ्या घरी यायचे त्याने सोडले होते. बाई भेटल्या की आधी विचारत, "नामदेव येतात का?" मी नाही म्हणायचो.

आज तो शिबिरात आला. पडद्याबाहेर उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, "बाई इचारतील ते खरं सांगा. मी न्हाय सांगितला, माझी बहीण गेली." सगळ्या गावासमोर. बाईंनी त्याला थांबवले नाही. चहाचा पेला मात्र स्वतः नेऊन दिला.

बाईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो. आमच्या तालुक्यात रक्त देणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी अजून पुष्कळ वर्षे असेच एकट्याला विचारावे.

मी जेवत असताना नामदेव दारात येऊन गेला. आत आला नाही. "भावजी, दूध हाय," म्हणाला आणि किटली उंबऱ्यावर ठेवून निघाला. इथे थांबतो. दूध तापवायला ठेवले आहे. उतू जाऊ नये म्हणून जवळ उभे राहायला हवे.