धोंड्याच्या महिन्यात गोल्फचं मैदान

नांदेडात गोल्फ खेळायला मैदान कुठं आहे हे शोधायची पाळी माझ्यावर आली, यावर माझ्या गावात कुणी विश्वास ठेवणार नाही. मी अहमदपूर तालुक्यातला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. विटीदांडू सोडून आयुष्यात काठीनं काही टोलवलेलं नाही, आणि त्याची मला खंतही नाही.

पण नांदेडहून सासऱ्यांचा फोन आला.

"मास्तर, धाकटे जावई येऊन राहिले धोंड्याला. त्यांना गोल्फ लागतंय."

"लागतंय म्हणजे?"

"जातील त्या शहरात खेळतात म्हणे. क्लबाचं नको, कुणालाही जाता येईल असं मैदान पाहिजे म्हणाले. तुम्ही शिकलेले. बघून ठेवा."

अधिक महिना यंदा ऐन उन्हाळ्यात आला होता. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला पुरणाचे धोंडे तळून घालायचे, अनारसे द्यायचे, आणि त्यानं जे मागितलं त्याला नाही म्हणायचं नाही. मीही जावईच आहे, थोरला. पण मी पडलो लातूरचा, एसटीनं तीनेक तासांवरचा. शिवाय मी काही मागत नाही. त्यामुळं माझा विष्णू जेवणाच्या ताटापुरता असतो.

धाकट्याची गोष्ट वेगळी. तो हैदराबादला मोठ्या कंपनीत. त्याचा बाप उदगीरच्या मोंढ्यात तुरीची पोती मोजायचा, पण ते हल्ली बोलायचं नसतं. आणि खरं कारण असं की माझी मेहुणी संक्रांतीला माहेरी आली होती ती तिथंच होती. सासूशी काहीतरी शब्दाला शब्द झाला. नवऱ्यानं फोनवर सांगितलं, "मी बोलावीन तेव्हा ये." त्यानं बोलावलं नाही. चैत्र गेला, वैशाख गेला. गल्लीतल्या बाया पापड लाटायला येत आणि मामींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारत, "पोरगी अजून हितंच का वो?" हे विचारायलाच त्या पापड लाटायला येत असाव्यात असं माझी बायको म्हणायची.

तेव्हा जावई धोंड्याला यायला कबूल झाला, म्हणजे जाताना लेकीला घेऊन जाईल, एवढाच हिशेब सासऱ्यांनी केला होता. गोल्फच काय, त्यानं उंट मागितला असता तरी त्यांनी माळेगावच्या जत्रेपर्यंत शोधला असता.

मी बायकोला घेऊन नांदेडला दोन दिवस आधी गेलो आणि सासऱ्यांची स्कूटर घेऊन फिरलो. दोन जागा सापडल्या. पहिली एका बिल्डरची. प्लॉट विकायला त्यानं मध्ये हिरवळ केली होती. पैसे भरले की कुणीही खेळावं. गावाला चार दिवसाआड पाणी आणि तिथं टँकरनं गवत न्हाऊ घालत होते. पण सोय होती. काठ्यांची पिशवी ठेवायला चाकाची गाडी, सावलीला छत, थंड पाणी.

दुसरी जागा म्हणजे जुन्या साहेब लोकांचं मैदान. पावती फाडली की बाहेरच्यालाही खेळता येत होतं. नऊ भोकं. हिरवं काही नाही. मुरूम, कुसळं, दोन बाभळी. भोकाभोवती गवताऐवजी वाळू, तिच्यात जळकं ऑईल कालवून वरून रूळ फिरवलेला. चेंडू ढकलायच्या आधी लोखंडी पट्टीनं वाळूवर रस्ता सारखा करून घ्यायचा, अशी तिथली रीत. गेटवरचा म्हणाला, "पिशव्या उचलणारी माणसं फक्त रविवारी येतात. मधल्या वारी ज्याची त्यानं वाहायची."

मी सासऱ्यांना सरळ सांगितलं, बिल्डरचं घ्या. साडू आला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. मी मोबाईलवर काढलेले फोटो त्यानं बोटानं सरकवून पाहिले.

"साडूभाऊ, हे गोल्फ नाही, हे प्लॉटची जाहिरात आहे." मग दुसऱ्या जागेचा फोटो आला तसा तो ताठ बसला. "अरे! ब्राऊन्स! तेलाची वाळू! असलं आता कुठं राहिलंच नाही. हेच."

"तिथं पिशवी वाहायला कुणी नाही," मी म्हणालो. "आणि उद्या रविवार नाही."

सासरे दारात उभे होते. जावई बसलेला असताना ते बसत नसत. म्हणाले, "त्याची काळजी करू नका जावईबापू. माणूस मिळंल."

माणूस मिळाला नाही. किंवा त्यांनी शोधलाच नाही. सकाळी उजाडायच्या आत ते तयार होऊन ओसरीवर उभे. अंगात नेहमीचा बिनकॉलरचा सदरा. साडूनं बूट बांधता बांधता वर पाहिलं.

"मामा, कॉलर पाहिजे. गोल्फला कॉलरशिवाय चालत नाही."

तिथं गेटवर लुंगी नेसून गेलं असतं तरी कुणी अडवलं नसतं. मी तसं म्हणालोही. पण सासरे आत गेले आणि ट्रंकेतून त्यांना मिळाला तो एकच कॉलरचा शर्ट घालून आले. एसटीत कंडक्टर असतानाचा खाकी शर्ट. ते पुढं कंट्रोलर होऊन रिटायर झाले. स्टँडवर त्यांच्या एका शिट्टीवर गाड्या मागं-पुढं व्हायच्या, ड्रायव्हर लोक त्यांना टरकून असायचे. तो शर्ट आता खांद्यावर लोंबत होता. आतून कुणीतरी भांडं आपटलं. ती धाकटीच असणार.

मैदानावर साडूनं गाडीच्या डिकीतून पिशवी काढून उभी केली आणि इकडं तिकडं पाहिलं. सासऱ्यांनी पट्टा खांद्यावर घेतला.

"अहो मामा, हे काय," साडू म्हणाला. असं म्हणाला आणि हातमोजा चढवत पुढं चालायलाही लागला. ज्याला थांबवायचं असतं तो चालत नाही.

"द्या इकडं, मी घेतो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या मास्तर. धोंड्याच्या महिन्यात एका जावयाचं ओझं दुसऱ्या जावयाच्या डोक्यावर देतेत का? लोक शेण घालतील तोंडात."

लोक म्हणजे तिथं दोन बाभळी होत्या आणि एक कुत्रं. पण त्यांना ते पटण्यासारखं नव्हतं. त्यांच्या हिशेबात हे पुण्य होतं, आणि त्या पुण्याचं फळ घरी ओट्यापाशी उभं होतं.

पहिल्या तीन भोकांपर्यंत साडू छान बोलला. चेंडू लांब गेला की "मामा, बघितलं का?" म्हणायचा आणि मामा न दिसलेल्या चेंडूकडं बघून "लई भारी!" म्हणायचे. मग ऊन वर आलं. नांदेडचं ऊन म्हणजे तवा. सासऱ्यांच्या चपलेत कुसळं शिरत होती. ते एका पायावर उभं राहून काढायचे, तेवढ्यात साडू पुढून हात वर करायचा. पाच नंबरची काठी. काठीचा नंबर त्यांना कळायचा नाही. चुकीची काठी नेली की साडू ती न घेता नुसता त्यांच्याकडं बघत राहायचा, ते परत पिशवीपर्यंत जाईपर्यंत. ओरडायचा नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या भोकापाशी एक टक्कल पडलेला साहेब एकटाच खेळत होता. त्यानं खाकी शर्टाकडं बघून साडूला विचारलं, "तुमचं झाल्यावर हा माणूस मला मिळेल का?"

साडूनं हसून खांदे उडवले. "त्यालाच विचारा."

सासरे घाम पुसत म्हणाले, "नाही साहेब. मी ह्यांचाच हाय."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी पिशवीला हात घातला. "खाली ठेवा मामा. हे तुमचे सासरे आहेत हे सांगायला याची जीभ झडते का?" हे मी साडूला ऐकू जाईल असं बोललो. तो चेंडूवर वाकला होता, वाकूनच राहिला.

सासऱ्यांनी माझा हात झटकला. आवाज खाली, पण स्टँडवरचाच.

"तुम्ही गप ऱ्हावा मास्तर. तुमची बायको तुमच्या घरी नांदून राहिली. तुम्हाला बोलायला काय जातंय?"

पुढची भोकं मी सावलीसारखा मागं चाललो. सातव्यापाशी सासरे पिशवीसकट खाली बसले, पडले नाहीत, बसलेच, आणि मी पाणी दिलं. साडू म्हणाला, "मामांना सवय नाही." सवय नाही हे खरं होतं.

नवव्या भोकाशी साडूचा चेंडू तेलाच्या वाळूवर येऊन थांबला, भोकापासून चांगला दूर. तो पाणी पिऊन ताजातवाना झाला होता. सगळा डाव मनासारखा झाला होता आणि अशा वेळी असल्या माणसाला गंमत सुचते.

"मामा, एक सांगू? हा चेंडू एका फटक्यात आत गेला तर आज तिला घेऊन जातो. नाही गेला तर..." त्यानं काठी फिरवली. "तर दिवाळीपर्यंत राहू द्या. इथं बरी आहे ती."

मला वाटलं सासरे आता तरी पिशवी आपटतील. त्यांनी पिशवी हळूच बाभळीला टेकवली. मग कडेची लोखंडी पट्टी घेतली आणि चेंडूपासून भोकापर्यंत ओढली. तिथली रीतच ती. पण त्यांचं तेवढ्यावर भागलं नाही. ते गुडघ्यावर बसले आणि तळहातानं वाळू दाबत, रांगत, भोकापर्यंत गेले. दोन्ही बाजूंना बारीक बांध आणि मधून पन्हळ. शेतात पाण्याला दांड काढून देतात तसा त्यांनी चेंडूला दांड काढून दिला. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. माहूरच्या देवीचं नाव मला ऐकू आलं. तिला या कामाला बोलावलेलं मला अजिबात आवडलं नाही.

साडू काठीवर रेलून बघत होता. मग त्यानं मोबाईल काढला आणि ते रांगणं शूट केलं.

चेंडू त्या पन्हळीतून भोकात गेला. जाणारच होता.

"चीटिंग, मामा, चीटिंग!" साडू पोटभर हसला. "पण शब्द म्हणजे शब्द."

सासरेही हसले. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

घरी धोंड्याचं ताट तयार होतं. आम्हा दोघा जावयांना शेजारी बसवलं, पाय धुतले, गंध लावलं. धाकटी तूप वाढत होती. साडूनं जेवता जेवता सगळी हकिकत सांगितली. चांगली सांगतो तो. कॉलर, खाकी शर्ट, त्या टकल्या साहेबानं मामांना मागणं, सगळं. मग उष्ट्या हातानं ढोपरावर रांगायची नक्कल केली आणि डाव्या हातानं मोबाईल फिरवला. मामींना काय बघायचं ते कळलं नाही, त्या कौतुकानं हसल्या. धाकटीनं पूर्ण बघितलं. मग तुपाची वाटी माझ्या ताटाजवळ ठेवली आणि आत गेली.

माझी बायको तिच्यामागं गेली. स्वयंपाकघर दोन हातांवर, सगळं ऐकू येत होतं.

"मी जाणार न्हाई."

"हळू बोल, बाई."

"मला जुगारात लावलं ना ह्यांनी? मग जिंकलं कोण ते तरी सांग. तो का नाना?"

लेकींचे नाना, म्हणजे माझे सासरे, उठले. ते साबण लावून, राख लावून, रॉकेल लावून हात धुऊन आले होते तरी काळं गेलं नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले आणि दोन्ही तळवे तिच्यापुढं धरले. मला वाटलं ते रडतील, पाया पडतील. त्यांनी कंट्रोलरच्या आवाजात सांगितलं.

"आता न्हाई म्हणतीस? मग हे मी कशाला केलं? बॅग भर. अन् उद्या पुन्हा आलीस, तर ह्या घरात तुला कुणी वाढणार न्हाई."

मामींनी "अहो" म्हटलं. साडू शेवटचा अनारसा फोडत होता. त्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या, म्हणजे बघा काय कटकट असते. मी माझं ताट सरकवलं. त्या घरात तो विष्णू होता आणि मी मास्तर, माझ्या ताट सरकवण्याची कुणी दखल घेतली नाही.

तिनं बॅग भरली. आपल्या एम.एस्सी.च्या सर्टिफिकेटांची फाईल तेवढी तिनं माझ्या बायकोच्या हातात दिली. "तुझ्याकडं असू दे. तिकडं हरवंल." डिकीत काठ्यांची पिशवी आडवी होती म्हणून तिची बॅग मांडीवर आली. मामींनी ओटी भरली. सासरे काचेपाशी वाकले.

"पोहोचल्यावर फोन कर बरं का."

ती समोर बघत म्हणाली, "त्यांनाच करा नाना. मी पोहोचले का नाही ते सांगतील."

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. सासरे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. खाकी शर्ट अजून अंगातच होता.

"रागावली जराशी. निवळंल."

"नाही निवळणार, मामा," मी म्हणालो. मी असल्या बाबतीत खोटं बोलत नाही.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या ओट्यावरून शेजारीण विचारत होती, लेक गेली का वो सासरी? ते तिच्याकडं वळले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "हाव, गेली की! जावई स्वतः घेऊन गेले."