पाण्याच्या टाकीवरचा कावळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वर्तमानपत्रात असताना दुसऱ्यांनी लपवलेलं शोधून छापलं. स्वतःचं एक मात्र — राखून ठेवलं.

आधी चांगलं सांगतो. नोकरीनं डोकं पोखरलं होतं, तेव्हा मुलुंडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी रोज सकाळी एकटा बसू लागलो. फोन खाली घरात. तिथे एक कावळा यायचा, उजव्या पायाचं बोट वाकडं असलेला. इतर त्याच्या मागून यायचे. हलायचं नाही, त्याच्याकडून काही मागायचं नाही — एवढंच शिकलो. पुढे त्याच्या मानेवरून कळू लागलं, आज तो भ्यालाय की नुसताच भुकेला आहे. त्यालाही मी कळू लागलो असेन. मी जिभेनं टाळूवर हलकंसं 'टक्' केलं की तो पोळीवर उतरायचा. त्याआधी कधीच नाही. घरात माझा आवाज खाली आला. माणसांचंही ऐकून घेऊ लागलो. हे खरं आहे — म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

आई गेली. बाबा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं आईच करायची. धाकट्या बहिणीला, शुभाला, नाशिकच्या एका शाळेत नोकरी लागली होती. तिची बॅग भरून तयार होती. ती गेली तर बाबांचं कोण करणार? घरात उरत होतो मी.

दहाव्याचे पिंड गुरुजींनी गच्चीवरच ठेवायला सांगितले. कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा पुरी झाली, असं आम्ही मानतो. वाकड्या बोटाचा टाकीवर बसला होता. उतरेना.

"तुझे पावणे आज रुसले काय रे?" मावशी म्हणाली. "तिचो जीव खंयतरी अडाकलो आसा."

एकेक जण आईला शब्द देऊ लागला. मी सिगारेट सोडतो म्हणालो.

"ह्या तिका खरा वाटाचा नाय," मावशी पुटपुटली. त्या उन्हातही दोघंतिघं हसले.

मला तेव्हाच माहीत होतं. तो पिंडाकडे बघतच नव्हता — माझ्याकडे बघत होता. आवाजाची वाट पाहत होता. एवढं सांगून टाकायला मला काय झालं होतं?

मग शुभानं हात जोडले. "आई, बाबांना टाकून मी कुठेही जाणार नाही."

मी 'टक्' केलं.

तो सरळ खाली आला. मावशी रडली. शुभानं त्याच दुपारी बॅग रिकामी केली. वर्षभरात मी अंधेरीला वेगळं घर घेतलं. बाबांचं तिनं एकटीनं केलं, शेवटपर्यंत. गेल्या वर्षी ते गेले. ती म्हणते, त्या दिवशी आईनं उत्तर दिलं, म्हणून निभावलं.

आणि कावळा? त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता, इतकंच.

मागच्या रविवारी मुलुंडला गेलो. सवयीनं गच्चीवर चढलो, कठड्यावर पोळी ठेवली, 'टक्' केलं. वाकड्या बोटाचा उतरला. वळलो तर मागे शुभा, हातात वाळलेले कपडे. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा, हा या आवाजावर कधीपासून येतो रे?"

मी म्हणालो, "हल्लीच."