आबांचं घोंगडं धुतलं ते साल

मेंढरं विकून आम्ही शेळगावच्या कडेला वस्ती करून राहिलो आणि दुसऱ्याच हिवाळ्यात आबांचा श्वास अडकायला लागला. आबा म्हणजे माझे वडील. अर्धं आयुष्य कळपामागं उघड्या माळावर काढलेला माणूस. पाऊस, थंडी, वारा सगळं अंगावर घेतलेलं. तो माणूस छपराखाली झोपायला लागला आणि आजारी पडला, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात बसत नव्हतं. दिवाळी सरली की पहाटे त्यांची छाती वाजायची. नाकाला धार, डोळे लाल. भिंतीला पाठ लावून बसून राहायचे. उन्हं वर आली की जरा बरं वाटायचं. गावात सुई घेतली की थोडे दिवस निभायचं आणि परत तेच.

रान थोडंच होतं, पण कॅनॉलखाली होतं. पाण्याची पाळी आली की दारं धरायला, म्हणजे एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवायला, माणूस लागायचं. आबांना चार पावलं चालवत नव्हतं. आई एकटी दारं धरायची आणि बाकीचे दिवस दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायची. मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, रोज एसटीनं जाऊन-येऊन. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. एक दिवस भाकरी थापता थापता आई म्हणाली, "ह्या हिवाळ्यात आबा हुभं राह्यलं तर बरं, बाय. न्हायतर तुला घरी बसावं लागंल. मला एकलीला न्हाय वढत."

तिच्यावर रागवायला जागाच नव्हती. खरंच बोलत होती ती.

उपाय काही कमी केले नाहीत. अडुळशाचा काढा झाला, ओव्याचा शेक झाला. पण आमच्यात थंडीवर खरं औषध एकच, घोंगडं. एक खाली, एक वर. छाती जास्त वाजायला लागली की आई तिसरं आणून टाकायची, ते पार तोंडावरून. आणि आमचं घोंगडं कधी बाटत नाही. सुतकात चालतं, देवाला चालतं, लग्नात चालतं. जे बाटतच नाही ते धुवायचं कशाला? म्हणून आमची घोंगडी कधी धुतलीच नव्हती. कळपाबरोबर घाट उतरून गेलेली, तळावर, चिखलात, राखेत लोळलेली घोंगडी तशीच्या तशी आबांच्या नाकावर.

माझी थोरली बहीण, अक्का, सोमेश्वरनगरला दिलेली. दाजी साखर कारखान्यात, राहायला क्वार्टर. त्या हिवाळ्यात तिनं आबांना चार दिवस बोलावलं. ऐन गाळपाचा हंगाम होता. आबांचे चुलतभाऊ, आमचे तात्या, शेजारीच राहायचे. ते अक्काला म्हणाले, "बापाला धुराड्याखाली निजवून मारतीस का काय?"

तरी आबा तिच्याकडं गेले. आणि पार आठवडाभर राहून आले ते तोंडावर तेज घेऊन. "भात लय खायाला घालत्यात," एवढीच तक्रार. रात्रभर डोळा लागायचा म्हणाले. घरी आले, जेवले, आपल्या घोंगड्यात शिरले, आणि पहाटे छाती शिट्टी वाजवायला लागली.

आई म्हणाली, "लेकीच्या घरचं पानी मानवलं व्हतं."

तात्या म्हणाले, "जावायाच्या घरी काम न्हाय, म्हनून दम लागत न्हाय."

सगळे हसले. आबासुद्धा. त्यातच त्यांना उबळ आली. मला मात्र चैन पडेना. धुराड्याखाली बरे राहतात आणि आमच्या स्वच्छ हवेत गुदमरतात, हे कसं? पुढच्या सोमवारी मी त्यांना बारामतीच्या डॉक्टरकडं घेऊन गेले.

डॉक्टरनं पाठ, छाती, नाक सगळं तपासलं आणि विचारलं, "झोपता कशावर?"

आबा ताठ झाले. "घोंगड्यावर. अस्सल हाय. आमच्याच मेंढरांचं."

"धुता का?"

"घोंगडं धुत नसत्यात, डाक्टर." हे त्यांनी इतक्या समजुतीनं सांगितलं, जणू डॉक्टर परमुलखातला होता.

"मुलीकडं कशावर झोपला होता?"

"गादीवर. चादर व्हती."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मग सांगितलं की याला ॲलर्जी म्हणतात. धुळीत डोळ्याला न दिसणारे किडे असतात, ते काहींना सोसत नाहीत. लोकरही सोसत नसेल. गोळ्या दिल्या, अडचणीला ओढायचा पंप दिला आणि म्हणाला, "गोळ्या बंद करायच्या नाहीत. पण अंथरुणातली धूळ काढल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही."

परत एसटीनं निघालो. शेळगाव जवळ आल्यावर आबा हळूच म्हणाले, "ह्ये कुनाला सांगू नगंस."

"काय?"

"धनगराला घोंगडं सोसत न्हाय म्हनून."

मी फक्त आईला सांगितलं. दिवस मावळायच्या आत तात्या दारात. "आता मासं बी म्हनतील, आमाला पानी बाधतंय."

झालं. आबा हट्टाला पेटले. "मी गादीवर निजायला काय आजारी हाय?"

"न्हायतर काय हायसा?" आई म्हणाली.

मी पुस्तकातलं किड्याचं चित्र दाखवलं. सगळं सायन्स पणाला लावलं. आबांनी ते चित्र लांब धरून पाहिलं. "एवढी शिंगं असती तर दिसला नसता व्हय?" माझं शिक्षण तिथंच संपलं.

तोडगा काढला आईनं. धान्य पाखडता पाखडता, वर न बघता ती म्हणाली, "अवो, मेंढरं कातरायच्या आदी वढ्यात धुत व्हता का न्हाय?"

"धुवावीच लागत्यात. घाणीत कातर चालत न्हाय."

"धुतल्यावर मेंढी बाटत व्हती?"

"मेंढी कशी बाटंल?"

"मग लोकर तीच हाय. घोंगडं कसं बाटंल?"

आबांनी घोंगड्याचं टोक बोटांनी चोळून बघितलं. मग म्हणाले, "रिठं हायत का घरात?"

रविवारी कॅनॉलच्या चारीला, म्हणजे रानाकडं येणाऱ्या पाटाला, पाणी आलं होतं. मी आबांच्या नाकातोंडाला पंचा बांधला. ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि घोंगडं त्यांनी अगदी मेंढीसारखं दोन मांड्यांत दाबून धरलं. रिठ्याचा फेस चोळताना तोंडातून आपोआप कळपाला घालायचे आवाज निघत होते. पाणी असं काळं निघालं की काकवी म्हणावी. वस्तीतले सगळे काठावर जमले. घोंगडं धुताना कुणी बघितलंच नव्हतं.

"आबा," तात्या वरून म्हणाले, "हे पानी खाली माझ्या उसाला चाललंय. आयतं खत."

"मग ऊस गेला की वाटा आणून दे."

"खळ गेली सगळी. आता त्याचं लुगडं झालं."

"चिंचोक्याची खळ परत लावीन. तू कशाला रडतूस?"

पाणी नितळ येईपर्यंत त्यांनी सोडलं नाही. ओलं घोंगडं उचलायला तात्यांनाच खाली उतरावं लागलं. तेही भिजले, मग दोघांनी एकमेकांवर पाणी उडवलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती. आबांना इतकं खुशीत मी मेंढरं विकल्यापासून पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आईच्या अंगात संचारलं. डॉक्टरनं सांगितलं ते तिनं केलंच, वर तिचं स्वतःचं निराळं. झोपायच्या खोलीतली पोती गेली, कडबा गेला, कोंबड्यांचं खुराडं बाहेर गेलं. पाणी शिंपडल्याशिवाय केरसुणी हलायची नाही आणि तोवर आबांनी अंगणात. जुन्या लुगड्यांची वाकळ उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात. धुतलेली घोंगडी जुन्या धोतराची खोळ शिवून ठेवून दिली. आबा बाजेवर वाकळ पांघरून झोपायचे. एकच घोंगडं त्यांनी मागून घेतलं, रानात मोकळ्या हवेत खांद्यावर टाकायला. त्यांना त्याच्याशिवाय बाहेर पडणं उघडं वाटायचं.

तात्या उंबऱ्यावर थांबून विचारायचे, "वहिनी, आत येऊ का आदी धुवून घेतीस मला?"

"पारोसं असशीला तर धुवूनच घेते, भावजी."

मध्येच आबा निमगाव केतकीला एका लग्नाला गेले, दिवसभर घोंगड्यावर बसले आणि शिट्टी वाजवतच परत आले. पंप ओढला, दम खाल्ला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "त्यांचं धुतलेलं न्हाय." तेव्हापासून ते दुसऱ्याच्या घोंगड्यावर बोट आपटून धूळ बघायला लागले. पाहुण्यारावळ्यांत लाज आणली त्यांनी. शेवटी एका दुपारी तात्याच आपलं घोंगडं काखेत मारून आले. "माझ्या अंगाला लय खाज येतीया. रिठं किती टाकायचं?"

दमा गेला असं मी म्हणणार नाही. गोळ्या राहिल्या, पंप कोनाड्यात राहिला. पण संक्रांतीनंतर आबांनी एकदाही सुई घेतली नाही. पुढच्या हिवाळ्यात पाण्याची प्रत्येक पाळी त्यांनी स्वतः धरली आणि आई दुसऱ्याच्या उसात गेली नाही. मला घरी बसावं लागलं नाही. मी बी.एस्सी. पूर्ण केली, आमच्या घराण्यातली पहिली.